उजवीकडचं पान

वहीच्या डाव्या पानावर वर्गशिक्षिका अल्पना मॅडमनी नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'कल शनिवार, ११ बजे। मम्मी, पापा और दादाजी, तीनों आएँ। घर वाला हर पन्ना साथ बैठकर पढ़ेंगे।' उमाशंकरांनी ते उभ्या उभ्याच वाचलं, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली. खाली स्कूल व्हॅन हॉर्न देत पुढच्या गल्लीत वळली होती, टेकडीवर नवरात्राच्या मांडवात कुणीतरी 'हॅलो, माईक चेक' करत होतं, आणि त्यांची नात आरोही दाराशी फतकल मारून बुटाचं बक्कल काढत होती. तिला सात वर्षं पुरी होऊन दोनच महिने झाले होते. बक्कल निघेना तेव्हा तिने ते दातांनी ओढलं.

"मी व्हॅनमध्येच वाचलं," ती बुटाकडे बघतच म्हणाली. "अण्णा, मॅडम सगळं पढणार ना? तुमचं पण?"

"माझंच तर आहे सगळं."

"मग तुम्हाला डाँट पडणार." तिने बूट भिंतीकडे भिरकावला आणि हात धुवायला निघून गेली. म्हणण्यात दुष्टपणा नव्हता. पाऊस येणार, वीज जाणार, तसंच आजोबांना डाँट पडणार.

ही वही सुरू झाली जुलैच्या शेवटी. आरोहीने आपल्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीचा डबा जिन्यावरून खाली फेकला आणि जाब विचारायला आलेल्या तिच्या मैत्रिणीच्या मनगटाचा चावा घेतला. शाळेने बोलावलं तेव्हा जायला उमाशंकरांशिवाय होतंच कोण! मुलगा मयुरेश रोज सकाळी साडेसातला इंदौरला जायचा; सून वल्लरी बँकेत, तिची जूनमध्ये खातेगावला बदली झाली होती, तिथे खोली घेऊन राहायची आणि शुक्रवारच्या बसने यायची. उमाशंकर गेले ते चार वाक्यं पाठ करून गेले होते. क्षमा मागायची, मुलीला समज देतो म्हणायचं, निघायचं. पण अल्पना मॅडमनी तक्रारच केली नाही. "अंकल, अभी छोटी बात है," त्या म्हणाल्या. "अभी पकड़ लें तो बड़ी नहीं होगी। अकेला स्कूल नहीं कर सकता, अकेला घर नहीं कर सकता।" आणि ही वही पुढे केली. डावं पान शाळेचं, उजवं घराचं. ती चिडली की तीन गोष्टी लिहायच्या: काय झालं, त्याच्या आधी काय झालं, त्याच्या नंतर काय झालं. रागावून नाही, रंगवून नाही. फक्त जे झालं ते. "आप तो लायब्रेरियन रहे हैं, आपसे अच्छा कौन लिखेगा," असंही त्या म्हणाल्या, आणि उमाशंकर त्या लहानशा बाकावर बसल्या बसल्या लाजले होते.

लायब्रेरियन. धारच्या कॉलेजात तीस वर्षं. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी वाचनकक्षाचं रजिस्टर भरायचं. त्यात शेवटचा रकाना 'विशेष'. तीस वर्षांत त्यांनी त्या रकान्यात हिंदीतलं एकच वाक्य लिहिलं होतं: वाचनकक्ष शांत रहा। एकदा निवडणुकीच्या दिवसांत दोन पोरांनी एकमेकांवर खुर्च्या उगारल्या, काचेचं कपाट फुटलं, एकाच्या भुवईतून रक्त आलं. उमाशंकरांनी स्वतः फरशी पुसून घेतली आणि त्या संध्याकाळीही तेच लिहिलं. खरं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, जबाब द्यावे लागले असते, चार लोकांसमोर तोंड उघडावं लागलं असतं. तोंड उघडण्याची त्यांना लहानपणापासून धास्ती. आणि नवलाची गोष्ट अशी की लिहिल्यावर त्यांना खरोखरच वाटायचं, शांतच तर होता की. वहीचं उजवं पान पहिल्या संध्याकाळी समोर आलं तेव्हा हाताने आपला जुना रस्ता धरला: शाम शांत रही। दुसऱ्या दिवशी पुन्हा. अशा चाळीसेक संध्याकाळी झाल्या होत्या. बदल म्हणून कधी 'आज शांत थी', कधी 'खाना ठीक से खाया'.

आणि त्या संध्याकाळी? मयुरेशची गाडी सातच्या सुमारास खाली थांबायची. त्या आवाजासरशी आरोही चित्र काढत असेल तर रंग डब्यात भरायला लागायची, टीव्ही बघत असेल तर बंद करायची, आणि उमाशंकर पुस्तक किंचित वर धरायचे. पायऱ्यांवरची पावलं मोजून दोघांना कळायचं, आज कसा आहे. बायपासवर गाड्या तुंबल्या असतील, साहेब काही बोलला असेल, तर दार उघडल्यावर पहिलं कारण जे सापडेल ते. चप्पल मध्येच का? पाण्याची बाटली कुणी उघडी ठेवली? हा मुलगा हात उगारत नव्हता. पण हाताशी असेल ते भिंतीवर जायचं. बाटली, पट्टी, एकदा भाजीची वाटी. आरोही रडायची नाही. टेबलाखाली जाऊन स्वतःचंच मनगट चावत बसायची. अर्ध्या तासाने मयुरेश तिला आइस्क्रीम आणायचा, मांडीवर घ्यायचा, केसांतून हात फिरवायचा, आणि तेही खोटं नसायचं. सतरा सप्टेंबरच्या संध्याकाळकडे मात्र उमाशंकर फिरकायचेच नाहीत. मन तिथे पोचायला लागलं की ते उठून पाणी पिऊन यायचे.

काहीही झालं तरी साडेआठला वही उघडायची, उजवीकडे ओळ लिहायची आणि तिचा फोटो काढून वल्लरीला पाठवायचा, हा नेम. खातेगावहून लगेच हात जोडल्याचं चित्र यायचं. 'अण्णा, तुमची ओळ वाचली की मला झोप लागते,' तिने एकदा लिहिलं होतं. ते वाचून त्यांना स्वतःला झोप लागली नव्हती. आरोही लिहिताना शेजारी बसून असायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तिने बोटाने एकेक अक्षर लावत वाचलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती हसली. कुणीतरी लपंडावात आपली जागा सांगितली नाही की जसं हसावं, तसं. तेव्हापासून तीच आठवण द्यायची, "अण्णा, शांत लिहा."

एवढ्यावर निभावलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डाव्या पानावर आलं: 'घर पर बच्ची बिल्कुल ठीक है, यह अच्छी बात है। मतलब कारण क्लास में है। मनन को बी सेक्शन में भेज रहे हैं।' मनन तिच्या बाकावर बसायचा. थोडा तोतरा, खिशात कायम काहीतरी भरलेलं असणारा पोरगा, आणि वर्गात तिच्याशी बोलणारा तेवढा एकच. त्या दिवशी आरोही घरी आली ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिली. "मनन ने तो कुछ किया ही नहीं," ती म्हणाली. घरात ती मराठी बोलायची, पण हे वाक्य तिने हिंदीत म्हटलं, जणू ते शाळेत कुणालातरी म्हणायचं राहून गेलं होतं. उमाशंकर म्हणाले, "मोठ्या माणसांना कळतं, बेटा." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मात्र डाव्या पानावरच्या ओळी लांब व्हायला लागल्या. कंपासपेटी फेकली, फळ्यावर डोकं आपटलं, दोन तास बोलली नाही. मॅडम डावीकडे खरं लिहीत होत्या आणि उजवीकडे समोरासमोर तीच एक शांत संध्याकाळ होती. वही मिटली की ती दोन पानं एकमेकांना चिकटायची.

शनिवारचा निरोप वाचल्यावर दुपारी त्यांनी धारला अक्काला फोन लावला. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ब्याऐंशीची, कान कमी पण जीभ शाबूत. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

"अरे, घरातलं घरात ठेवावं," अक्का म्हणाली. "आपल्या घरी कधी अशा वह्या होत्या? बाबासाहेब तांब्या फेकायचे, तो अंगणात जायचा, मी उचलून आणायची. संपलं. तू कधी कुणाला चावलास का?"

"मी कुणाशी बोललोच नाही, अक्का."

"तेच म्हणते. किती गुणी होतास!"

त्यांनी फोन ठेवला. गुणी. वडिलांचा, बाबासाहेबांचा, आवाज चढला की ते पुस्तक घ्यायचे. पुस्तकात शब्द नसत, नुसत्या ओळी असत, पण डोळे खाली ठेवायला जागा मिळायची. पुढे लग्न झालं, मयुरेश झाला, आणि वडिलांचा आवाज पुढच्या पिढीवर चढायला लागला तेव्हाही त्यांच्या हातात पुस्तकच होतं. मयुरेश तिसरीत असताना एका संध्याकाळी शाळेचे पीटीचे हंबीरराव सर सायकलवरून घरी आले होते. घामेजलेले, मोठ्या आवाजाचे, पण त्या दिवशी अगदी हळू बोलले. "पुराणिकसाहेब, पोरगा मारामारी करतो म्हणून नाही आलो हो मी. मारामारी सगळी पोरं करतात. हा मारायच्या आधी घाबरतो. मी बघितलंय. घरी काही आहे का?" आतल्या खोलीत बाबासाहेब खाकरले. उमाशंकरांची बायको इंदिरा दारात उभी होती, तिने तोंड उघडलं होतं, ओठ हललेही होते, आणि उमाशंकर हसून म्हणाले, "नाही नाही, घरी तर बिल्कुल ठीक रहता है." मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपलं, कचेरीतल्यासारखं. इंदिरा चहा टाकायला आत वळली. हंबीरराव सरांनी चहा घेतला, फाटकाशी सायकलची चेन बसवली, आणि पुन्हा आले नाहीत. इंदिराला जाऊन आता चार वर्षं झाली. त्या संध्याकाळबद्दल तिने जन्मात एक शब्द काढला नाही. आणि आता कुठे त्यांना वाटत होतं की तिचं ते न बोलणंच सगळं बोलून गेलं होतं.

वही हरवता आली असती. व्हॅनमध्ये राहिली, रद्दीत गेली. किंवा अजून ओळींच्या खाली जागा होती. बारीक अक्षरात थोडं थोडं घालता आलं असतं, 'थोड़ी ज़िद की', 'पापा थके थे'. त्यांनी पेनही उघडलं. मग लक्षात आलं की शाईचा रंग नवा दिसेल, आणि असा विचार आपण करू शकतो याचीच त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी पेन दप्तरात आरोहीच्या कंपासपेटीत ठेवून दिलं.

संध्याकाळी मयुरेश आला. पावलं जड होती. आरोहीने टीव्ही बंद केला, पण घाईत रिमोट सोफ्याच्या फटीत गेला, आणि मयुरेशने नेमका रिमोटच मागितला. ती शोधायला लागली. "एक चीज जागेवर राहत नाही या घरात!" त्याने गादी उपसली, रिमोट सापडला, आणि सापडलेला रिमोटच त्याने भिंतीवर हाणला. सेल गडगडत उमाशंकरांच्या पायाशी आले. आरोही टेबलाखाली गेली. उमाशंकरांनी सेल उचलले. एवढंच केलं. मयुरेश तोंड धुऊन आला, भांग पाडला, आणि वल्लरीला घ्यायला बसस्टँडवर गेला. जाताना म्हणाला, "अण्णा, उद्याचं मला वल्लरीने सांगितलं. येतो मी. बघू मॅडम काय म्हणतात. घरात तर काही प्रॉब्लेम नाहीये." आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात धमकी नव्हती. होकार मागितल्यासारखं काहीतरी होतं. उमाशंकरांनी मान हलवली.

टेबलाखालून आरोही वही घेऊन बाहेर आली. मनगटावर दातांची चंद्रकोर उमटली होती. "मम्मी येतेय," ती म्हणाली. "शांत लिहा." उद्या हे सगळं उघडं पडणार, आजची ही ओळ सगळ्यांत शेवटची म्हणून सगळ्यांत आधी वाचली जाणार, हे ठाऊक असून, सेल अजून सदऱ्याच्या खिशात असून, त्यांनी लिहिलं: शाम शांत रही। शाई वाळेपर्यंत दारात वल्लरी उभी होती. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने ते पान वाचलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

शाळेत शनिवारी अर्धा दिवस. दुसरीच्या वर्गातली मुलं मैदानावर नेली होती. मॅडमनी तिघांना मुलांच्याच बाकांवर बसवलं; मयुरेशचे गुडघे फळीला लागत होते. रिक्षात दोनदा उमाशंकरांनी 'वल्लरी' अशी हाक मारली आणि दोनदा 'टेकडीवर किती गर्दी आहे' असं म्हणाले.

"अंकल ने एक दिन नहीं छोड़ा," मॅडम कौतुकाने म्हणाल्या आणि पानं उलटायला लागल्या. शांत. शांत. शांत. त्यांच्या तोंडून ते शब्द वेगळे ऐकू येत होते, जसं दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल चाललंय. वल्लरी डोळे मिटून ऐकत होती. मयुरेश एका पानानंतर सैल झाला, मागे टेकला. "देखो मैडम, घर में तो कोई दिक्कत है ही नहीं," तो म्हणाला.

"वही तो। तो गड़बड़ हमारी तरफ है, मैं मानती हूँ।" मॅडमनी एक कागद काढला. "मनन के पापा बहुत नाराज़ हैं। बोले, हमारे लड़के को बदनाम कर दिया, नाम ही कटवा रहे हैं। प्रिंसिपल सर आज साइन कर देंगे। शायद उसके जाने से आरोही को भी..."

"नहीं," उमाशंकर म्हणाले.

तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. आपण बोललो हे त्यांना स्वतःलाच उशिरा कळलं.

"यह... जो लिखा है। ऐसा नहीं था।"

"कैसा, अंकल?"

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. हिंदी सुचेना, जी हिंदी सुचत होती ती सगळी रजिस्टरची होती. ते मराठीत बोलायला लागले. "एकतीस जुलै. पाण्याची बाटली भिंतीवर. त्याच्या आधी मयुरेशला उशीर झाला होता. त्याच्या नंतर ती टेबलाखाली होती." बोट खाली सरकलं. "पाच ऑगस्ट. भाजीची वाटी. त्याच्या नंतर मनगट चावलं, माझ्यासमोर. मी पुस्तक वाचत होतो. वाचत नव्हतो. धरलं होतं." मॅडमनी गोंधळून वल्लरीकडे पाहिलं. वल्लरीचा चेहरा उतरत चालला होता, तरी सवयीने, बँकेच्या काउंटरवर खेड्यातल्या माणसाचा फॉर्म भरून द्यावा तशी, ती सांगायला लागली: "कटोरी फेंकी... मेरे हज़बंड ने। बच्ची ने अपना हाथ काटा। पापाजी सामने बैठे थे।" एकेक तारीख. उमाशंकरांना सगळ्या तारखा पाठ होत्या. आपल्याला इतकं पाठ आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ओळ एक, बोट एक, आणि पाठोपाठ वल्लरीचा सपाट आवाज. मयुरेश खिडकीबाहेर बघत होता. कानामागची शीर उडत होती.

"सतरा सप्टेंबर," उमाशंकर म्हणाले आणि थांबले. प्यायला पाणी नव्हतं. "तिने त्याच्या लॅपटॉपवर दूध सांडलं. त्याने दंडाला धरून तिला बाहेर काढलं, कडी लावली. दहा मिनिटं. जिन्यातला दिवा बंद होता. तिने दार वाजवलं नाही. मी आत होतो. कडी माझ्यापासून चार पावलांवर होती." त्यांनी ओळीवरून बोट उचललं. "मी उठलो नाही. आणि मग हे लिहिलं."

हे वल्लरीने हिंदीत सांगितलं नाही. वर्गात कागदी पताका पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत राहिल्या.

"मैं समझ गई," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी तो मननचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "अंकल, आपने बहुत देर की। लेकिन बता दिया।"

"मला फोटो पाठवायचात तुम्ही," वल्लरी म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज. मी हात जोडायची तुम्हाला."

मयुरेश आता ओरडेल, बाक लोटेल, उठून जाईल, असं उमाशंकरांना वाटलं. सगळं अंग त्या आवाजाच्या तयारीत आखडलं, सत्तरी उलटलेलं अंग, सात वर्षांच्या मुलाचं असावं तसं. पण मयुरेश खिडकीबाहेरच बघत बोलला.

"हंबीरराव सर आले होते ना एकदा. मी जिन्यावर होतो."

"हो?"

"मला वाटलं, आता तुम्ही सांगाल." तो थांबला. "मग तुम्ही म्हणालात, बिल्कुल ठीक रहता है. मी म्हटलं, चलो, म्हणजे असंच असतं."

मॅडमनी वहीचं नवं पान काढलं, आजची तारीख घातली, आणि वही उमाशंकरांपुढे न ठेवता मयुरेशपुढे सरकवली. पेनही. "आज से उजवं पान पापा लिखेंगे," त्या अर्धं मराठीत म्हणाल्या. "एक ही लाइन। गुस्सा आए, उसके पहले क्या हुआ। हर हफ्ते हम चारों यहीं बैठेंगे। और मनन के घर कल मैं जाऊँगी, अंकल, आप भी चलिए।" मयुरेशने पेन उचललं. लिहिलं काही नाही.

सुटीची घंटा झाली. व्हरांड्यातून पोरांचा लोंढा आला, दप्तरं आदळली, कुणीतरी कुणालातरी 'ओ भिया, रुक ना' म्हणत पळालं. वर्गाच्या दारात आरोही येऊन थांबली. एका पायातला मोजा खाली घसरला होता. तिने मम्मीचा चेहरा पाहिला नाही, आजोबांचाही नाही, उघड्या वहीकडेही नाही. ती बघत होती मयुरेशच्या हातांकडे. हातात काय आहे ते. उमाशंकरांनी तिची नजर पाहिली, मग मयुरेशने पाहिली. त्याला कळलं, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून उमाशंकरांना दिसलं. त्याने पेन फळीवर ठेवलं, पाळण्यात झोपलेल्या पोराशेजारी ठेवावं तसं, आवाज न करता. मग रिकामे हात तिथेच पसरून ठेवले, उताणे, तिला दिसतील असे.

मॅडमनी तिला बोलावलं नाही. कुणीच बोलावलं नाही. ती दारातच उभी राहिली, आणि ते तिघं त्या लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन, तिला पाहिजे तितका वेळ, बसून राहिले.